ओढते की भरकटते

‘कुठल्या बाजूला ओढते?’ हा प्रश्न माझ्या नवऱ्याने त्या उन्हाळ्यात मला इतक्या वेळा विचारला, की पुढे पुढे तो तोंड उघडायच्या आधीच माझं डोकं तापायचं. गाडी ओढत नव्हती. ओढणाऱ्या गाडीचं एक बरं असतं, ती एकाच बाजूला जाते, आपण स्टीअरिंग थोडं उलट धरायचं की झालं. ही गाडी भरकटत होती. ब्रेकवर पाय ठेवला की एखादा क्षण असा यायचा, की स्टीअरिंग माझ्या हातात आहे, पण चाकांना त्याचा पत्ताच नाही. कधी डावीकडे जायची, कधी उजवीकडे, आणि कधी काहीच व्हायचं नाही. ‘म्हणजे नक्की काय होतं?’ तो विचारायचा. नक्की काय होतं ते सांगता आलं असतं तर मी त्याला कशाला विचारायला गेले असते?

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला नुकतंच छोटंसं घर घेतलं होतं. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत. मी फिजिओथेरपिस्ट, नागपूरला शिकलेली, आणि इथे हायवेने थोडं लांब असलेल्या एका हॉस्पिटलात नोकरीला. त्याच्या मोठ्या गाडीतून ऑफिसचे अजून तिघे जायचे, त्यामुळे ती गाडी मला मिळायची नाही. माझ्या वाट्याला आली ती दुसरी. दोनच सीटची, जमिनीला टेकलेली, हिरवी, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी कारखान्यातून निघालेली स्पोर्ट्स कार. नवऱ्याने ती एका रिटायर्ड शेजाऱ्याकडून हौसेने घेतली होती. मला गाडी चालवायलाच मुळी या देशात आल्यावर शिकावं लागलं, आणि शिकले त्यानंतर वर्षभरात हे प्रकरण माझ्या हातात आलं. पहिला महिना मी नवऱ्याला शिव्या दिल्या. मग मात्र गाडी मला आवडायला लागली. रस्त्यावरचा खडा न् खडा तिच्या स्टीअरिंगमधून बोटांना कळायचा.

आणि म्हणूनच ती बिघडली तेही मला कळलं. पण दुर्दैव असं, की गाडीचं भरकटणं आणि मला दिवस जाणं या दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला सुरू झाल्या.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नवऱ्याने गाडी खरंच नीट तपासली. त्याचं तपासणं म्हणजे सोहळा असायचा. ड्राइव्हवेवर गाडी उभी करायची, चारही चाकांत हवा भरायची, मग गाडीच्या दोन्ही बाजूंना मासे पकडायची दोरी ताणून बांधायची आणि पोलादी पट्टीने दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं. ओळंबा लावून चाक उभं आहे की कललंय ते बघायचं. तो गुडघ्यावर बसून एकेक चाक मोजत होता आणि मी खिडकीतून बघत होते. ‘परफेक्ट आहे,’ तो हात पुसत आत आला. ‘पुढची दोन्ही चाकं किंचित आत, जेवढी हवीत तेवढीच. आता कशी चालते बघ.’

तशीच चालली. तो मला शेजारी बसवून एकदा फिरवून आला. रविवारची सकाळ, मोकळा रस्ता, एकसारखा वेग. गाडी सरळ गेली. त्याने पार्किंग लॉटमध्ये स्टीअरिंगवरचे दोन्ही हात सोडून दाखवले, तरी सरळ गेली. मी म्हटलं, ‘ब्रेक मार ना.’ त्याने मारला. गाडी हलली, मला सीटमध्येसुद्धा कळलं. त्याला नाही कळलं. तो स्टीअरिंग असं घट्ट धरतो, की गाडी काही बोलायच्या आधीच तिचा आवाज बंद होतो. ‘बघ,’ तो म्हणाला. मी काय बघणार?

मग टायर. एका संध्याकाळी कामावरून आल्यावर मी पुढच्या डाव्या टायरवर सहज हात फिरवला. बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत, आतून बाहेर फिरवला तर हाताला कंगोरे लागत होते. उजव्याला तेच, पण कमी. माझा रोजचा धंदाच हात फिरवण्याचा आहे, त्यामुळे मला शंका उरली नाही. हे चाक रस्त्यावर सरळ फिरत नाहीये, घासत फिरतंय. मी नवऱ्याला बाहेर बोलावून त्याचा हात त्यावर ठेवला. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गाडी चाकांच्या अलाइनमेंटच्या दुकानात नेली. तिथल्या मशीनवर सगळं जागेवर निघालं. ‘टायर जुने आहेत, आधीचंच झिजणं असेल,’ असं दुकानदाराने सांगितलं, आणि नवऱ्याला जे हवं होतं तेच मिळालं. मशीनने त्याच्या दोरीला दुजोरा दिला होता.

त्यानंतर सगळ्यांचं लक्ष गाडीवरून उठलं आणि माझ्यावर आलं.

‘तुला चक्कर तर येत नाही ना गं?’ त्याने जेवताना विचारलं. आवाज अगदी मायेचा. त्या मायेची मला धास्ती वाटली. मी नाही म्हटलं. ‘नाही म्हणजे, या दिवसांत बॅलन्स जातो म्हणतात. तुला वाटतं गाडी हलली, पण खरं म्हणजे...’ त्याने वाक्य पुरं केलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका वयस्कर काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवत तेच पुरं केलं. ‘आता ड्रायव्हिंग सोड बाई. नोकरी काय, नंतर पण मिळेल. मला सातव्यात जिना उतरताना पायरीच दिसायची नाही.’ नवरा समोर प्लेट घेऊन उभा होता, तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा मला काकूंपेक्षा जास्त राग आला.

डॉक्टरांनीही मला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं. सगळं व्यवस्थित. तरी जाताना त्या म्हणाल्या, कानातल्या द्रवाचं काही सांगता येत नाही, शक्य असेल तर गाडी चालवणं टाळा. नवऱ्याने ते वाक्य झेलून घेतलं. त्याचा बेत ठरलाच होता. मी लवकर रजेवर जायचं. मला ठाऊक होतं की आमच्या विभागात रजेवर गेलेल्या बाईच्या जागी लगेच दुसरी येते, आणि परत आल्यावर आपल्याला कुठल्यातरी कोपऱ्यातली, आठवड्यातून दोन दिवसांची कामं मिळतात. पण खरी भीती नोकरीचीही नव्हती. खरी भीती सांगते. सकाळी मी पेशंटच्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि मनात यायचं, हे हात खोटं बोलत असतील तर? गाडी सरळ चालत असेल आणि मलाच ती वाकडी वाटत असेल, तर या गुडघ्यात मला जे लागतंय ते तरी कशावरून खरं? एकदा तर मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खांदा दोनदा तपासला, आणि तरीही सहकाऱ्याला बोलावून खात्री करून घेतली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी घरी येऊन न्हाणीघरात रडले.

आणि मग ती एक्झिट, हायवेवरून खाली उतरायची वाट. ऑगस्टची दुपार, हायवे भरलेला. माझ्या डाव्या हाताला एक लांबलचक ट्रक, उजवीकडे एक्झिटची वळणारी लेन, तिच्या तोंडाशी रस्त्याच्या सिमेंटचे सांधे. पुढच्या व्हॅनने अचानक वेग कमी केला म्हणून मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक डावीकडे गेलं. मी स्टीअरिंग उजवीकडे घेतलं, तेवढ्यात सांधा आला, आणि नाक एकदम नको तितकं उजवीकडे आलं. कठड्याचा पत्रा दाराला लागून सरकतोय असं वाटलं. ट्रकने जो भोंगा वाजवला तो अजून माझ्या कानात आहे. मी ब्रेक सोडला, आणि गाडी सरळ झाली. ब्रेक सोडल्याबरोबर! खाली सिग्नलला थांबले तेव्हा पोटातलं बाळ लाथा मारत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली होती. ब्रेक दाबला की जाते, सोडला की येते. चक्कर माझ्या पायाच्या हुकमाने येत-जात नाही.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. चूक केली असं नंतर वाटलं, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि त्याने हुकावरच्या किल्ल्या काढून सरळ खिशात घातल्या. ‘बस,’ तो म्हणाला. ‘उद्यापासून नाही. आय ॲम सीरियस.’

‘किल्ल्या दे.’

‘अगं, तू मेली असतीस!’

‘गाडीमुळे मेले असते. माझ्यामुळे नाही.’

‘मी मोजलंय. दुकानात मोजलंय. काहीही निघालं नाही. आणखी काय करू?’

मी म्हटलं, ‘उभी असताना मोजलंस.’

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मीच थांबले. कारण हे वाक्य मी रोज बोलत होते, पण गाडीबद्दल नाही. आमच्याकडे पेशंट येतात, म्हणतात, गुडघा दगा देतो. एक्स-रे स्वच्छ असतो. उभं केलं तर पाय सरळ दिसतो. मग आम्ही त्यांना आडवं करतो, मांडी एका हाताने घट्ट धरतो, दुसऱ्या हाताने नडगी पुढे खेचतो, आणि तेव्हा सांधा उघडतो. सैल झालेला सांधा भार पडल्याशिवाय सापडत नाही. माझ्या नवऱ्याने गाडीचा एक्स-रे दोनदा काढला होता. तिची नडगी कुणीच ओढून बघितली नव्हती.

‘चल बाहेर,’ मी म्हटलं.

आमच्या ड्राइव्हवेला रस्त्याकडे किंचित उतार होता, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. त्याला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद, गिअर मोकळा, पाय ब्रेकवर. पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूला मी बागकामाचं बुटकं स्टूल ठेवलं आणि पोट सांभाळत कशीबशी त्यावर टेकले. ‘तिथे बसू नकोस,’ तो खिडकीतून ओरडला. ‘पाय चिरडेल!’ मी पाय मागे घेतले आणि त्याला सांगितलं की माझा पाय ही माझी काळजी, त्याने फक्त ऐकायचं. उजव्या हाताचा अंगठा चाकावरच्या पत्र्याच्या मागच्या कडेला ठेवला आणि बोटं टायरच्या बाजूवर, म्हणजे पत्रा आणि टायर यांच्यातली फट माझ्या हातात आली. ‘ब्रेक सोड. गाडी वीतभर जाऊ दे. मग दाब.’

गाडी सरकली. त्याने ब्रेक दाबला. आणि माझी बोटं अंगठ्याकडे ढकलली गेली. चाक जागेवर थांबलं नव्हतं, गाडी थांबली तरी ते सबंधच्या सबंध मागे गेलं होतं. त्याने पाय उचलला आणि ते पुन्हा पुढे आलं. मी म्हटलं, ‘पुन्हा.’ पुन्हा तसंच. ‘पुन्हा.’ मग स्टूल उजव्या बाजूला नेलं. तिथेही होतं, पण जेमतेम. दोन चाकं, आणि ब्रेक लागल्यावर दोन्ही वेगळ्या दिशांना बघतात.

‘काय झालं?’ तो विचारत होता.

‘तू ये इथे. मी बसते.’

सीटवर बसताना स्टीअरिंग माझ्या पोटाला टेकलं. तो बाहेर त्या स्टुलावर बसला, मी केलं तसाच हात लावला. त्याचा हात चाकाशी, माझा पाय ब्रेकवर. हात लावून बघायला मीच सांगितलं होतं, पण त्याला नाही लागलं तर? हे सगळं मीच कल्पनेने घडवलं असेल तर? मी पाय उचलला, गाडी सरकली, मी पाय दाबला.

त्याने हात चाकावरून काढला नाही.

‘कळलं?’

‘पुन्हा,’ तो म्हणाला. आवाज बदलला होता. मी पुन्हा केलं. मग तो उठला, जॅक आणला, गाडी उचलली, खाली आधाराला ठोकळे लावले आणि बॅटरी पेटवून आडवा झाला. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं काळी होती, आणि त्यांना गुळाच्या पाकासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्याने ती नाकाशी नेली.

‘तेल,’ तो म्हणाला. मग खाली ड्राइव्हवेवरच बसला.

ते तेल कुठलं हे मला त्याने सांगायची गरज पडली नाही. त्याचे वडील इचलकरंजीला मागांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप चालवत. खंडेनवमीला तिथे दरवर्षी सगळी हत्यारं आणि यंत्रं धुऊनपुसून ठेवायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग प्रत्येक सांध्याला तेल. इथे आल्यावरही त्याने ते सोडलं नव्हतं. आदल्या नवरात्रात आमच्या गॅरेजमध्ये पान्यांना, जॅकला, गवत कापायच्या मशीनला कुंकू लागलं होतं, आणि गाडीलासुद्धा. गाडी तेव्हा पुढून चुईंचुईं वाजायची, डावीकडून जास्त. खाली जाऊन त्याने पिचकारीने जिथे जिथे वाजत होतं तिथे तेल सोडलं. आवाज गेला. पुन्हा वाजली की पुन्हा तेल. त्यांच्या घरात वाजलं की तेल, यापलीकडे प्रश्न नसायचा. मागांचे सांधे लोखंडाचे आणि पितळेचे. या गाडीच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत रबर होतं, आणि ते रबर महिनोन्महिने त्याच्या श्रद्धेचं तेल पिऊन फुगलं, मऊ झालं आणि विरघळलं. गाडी उभी असली की दांडे जागेवर. ब्रेक लागला की डावं चाक मागे.

‘मी काळ्या ग्रीसखाली पितळ असेल असं धरून चाललो,’ तो म्हणाला. ‘बघितलं नाही. आवाज थांबला, मग कशाला बघायचं...’

मला हसू आलं नाही. जिंकल्यासारखंही वाटलं नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. मी म्हटलं, ‘गाडीत काही चुकलंय हे मी एप्रिलपासून सांगतेय. तू दोरीला विचारलंस, दुकानाला विचारलंस, काकूंचं ऐकलंस, डॉक्टरांचं ऐकलंस. मला फक्त एवढंच विचारलंस, कुठल्या बाजूला ओढते. आणि मी सांगितलेलं उत्तर तुझ्या प्रश्नात बसेना, तर तू मला चक्कर येते म्हणून मोकळा झालास. मी या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसले होते. ते कळतंय का तुला?’

कधी नव्हे ते त्याचे डोळे भरले होते. काळ्या हातांनी ते पुसता येईनात, म्हणून त्याने खांद्याला चेहरा घासला. मग खिशातून किल्ल्या काढल्या, शर्टाला पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. गाडी ठोकळ्यांवर होती, तरी दिल्या.

नवीन रबरं यायला वेळ लागला. तोवर त्याने ऑफिसच्या तिघांना दुसरी सोय बघायला सांगितलं आणि मोठी गाडी मला दिली. रबरं बसवताना त्याने तेलाची पिचकारी गॅरेजच्या वरच्या फळीवर टाकली. त्यानंतरच्या खंडेनवमीलाही गाडीला कुंकू लागलं, फुलं वाहिली, तेल मात्र नाही. हिरव्या गाडीत मी परत बसले तेव्हा स्टीअरिंग आणि पोट यांच्यात माझा अंगठाही मावत नव्हता, इतकं पोट पुढे आलं होतं. तरी एक्झिटपर्यंत जाऊन आले. ब्रेक मारला. ती सरळ थांबली.

राग लगेच गेला नाही. तो काही विचारायला लागला की मी अजून फटकन बोलायचे, आणि तो ऐकून घ्यायचा. पण त्याच्या विचारण्यात फरक पडला होता. ‘काय होतंय?’ एवढंच विचारायचा, आणि थांबायचा.

बाळाची तारीख अजून लांब होती. एका सकाळी चहा करता करता मी म्हटलं, ‘निघू या.’ तसं काही दुखत नव्हतं. पाठीत खाली काहीतरी सैल झाल्यासारखं, आणि मग घट्ट झाल्यासारखं. त्याने गॅस बंद केला आणि मोठी गाडी काढली.

हॉस्पिटलात माझ्या पोटाला पट्टे लावले, मशीनमधून कागद सरकायला लागला. नर्स चांगली होती. तिने कागद बघितला, मला तपासलं, आणि हसत म्हणाली की पहिलटकरणींना असं खूप वाटतं, अजून काही सुरू झालेलं नाही, घरी जाऊन आराम करा. मी उठायला लागले. सवयीने. आपणच चुकलो असू, असं मला खरंच वाटलं.

नवरा उठला नाही.

‘नाही,’ तो तिला इंग्रजीत म्हणाला. ‘ती म्हणतेय ना, मग आहे. आम्ही इथेच थांबतो.’

नर्सने कागद त्याच्यासमोर धरला. कळांची रेघ सपाट होती. त्याने तिकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याने विचारलं, ‘काय होतंय?’